शेऱ्याची वही

बायको गेल्यापासून लोक माझ्याशी असे बोलतात, जणू मी काचेचा आहे आणि त्यांच्या हातात हातोडी. मी प्लंबर. गिऱ्हाईक मोरी तुंबली म्हणून बोलावतं आणि आधी दहा मिनिटं माझं सांत्वन करतं. तोवर पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत येतं.

माझं ठीक आहे. पण सोमवारी सकाळी आमचा भोंगा दप्तरावर बसला आणि म्हणाला, "मी शाळेत जाणार नाही. कधीच."

भोंगा म्हणजे माझी मुलगी, चौथीत आहे. हे नाव माझ्या बायकोनेच ठेवलं होतं, कारण जन्मल्या दिवशी पोरीने अख्खा वॉर्ड जागा केला. आता तो भोंगा चार महिने जवळजवळ बंद होता.

"पोट दुखतंय?"

"नाही."

"कुणी मारलं?"

"कुणी मारतसुद्धा नाही!" म्हणाली आणि रडायला लागली.

मारत नाहीत म्हणून रडणारं पोर मी पहिल्यांदाच बघितलं. समजूत घालायचं खातं बायकोकडे होतं, माझ्याकडे पाना-पक्कड. तुंबलंय कुठे ते आधी शोधावं, म्हणून मी दप्तर उपसलं. तळाशी शेऱ्याची वही निघाली. त्यात बाई मुलाबद्दल शेरा लिहितात आणि घरच्यांनी खाली सही करायची असते. बायको नुसती सही करून थांबत नसे, हे मला तेव्हा कळलं.

"वर्गात सतत बडबड करते." खाली हिचं अक्षर: "घरीही करते. उपाय सापडला तर आम्हालाही कळवा."

"मधल्या सुट्टीच्या आधीच डबा खाते." खाली: "वडिलांवर गेली आहे."

"पुस्तकातल्या राजाला चष्मा काढला." खाली: "खोडायला लावते. राजाला विचारून घ्या."

मी तिथेच जमिनीवर बसून मोठ्याने हसलो. मग हसता हसता बिघडलं. ते असो.

पुढची पानं कोरी होती. चार महिन्यांत एक शेरा नाही.

"बाई काही लिहीतच नाहीत," भोंगा नाक पुसत म्हणाली. "मी सगळं करून बघितलं. खडू पाण्यात बुडवले. गणितं चुकवली. बाईंच्या खुर्चीला डिंक लावला."

"मग?"

"म्हणाल्या, असू दे बाळा. आणि तशाच बसल्या."

त्या दिवशी तिला शेजारी ठेवलं आणि मी शाळेत गेलो. दारातच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आनंदी मूल, यशस्वी मूल'. बाई वर्गात एकट्याच वह्या तपासत होत्या. मला बघून त्यांचाही आवाज काचेचा झाला.

"आम्ही सगळ्यांनी ठरवलंय," त्या म्हणाल्या. "वर्षभर तिला कुणी एक शब्द बोलायचा नाही. गृहपाठ माफ. मुलांनाही सांगितलंय, पकडापकडीत तिला पकडायचं नाही."

"म्हणजे ती एकटीच पळत असते?"

बाईंनी पुढची वही ओढून घेतली.

"आणि भागाकार?"

"नाही येत तिला. पण मी मार्क देते."

"बाई, पाणी जात नसलं तर मी मोरीला मार्क देत नाही," मी म्हणालो. "तिला ओरडा. शिकवा. एक शेरा लिहा. आई गेली ती गेली, आता पोरीला शाळेतूनही काढलंत की काय?"

हे जरा जास्त झालं. बाईंनी लाल पेनाचं टोपण तीनदा काढलं, तीनदा लावलं.

"खरं सांगू? मी शेरे तिच्या आईच्या उत्तरांसाठी लिहायचे," त्या म्हणाल्या. "शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवायचे. शेवटी शेवटी तर थोडं वाढवूनसुद्धा लिहायचे. आता लिहिलं तर खालची जागा रिकामी दिसेल. तिला. आणि मलाही."

"उत्तर मी लिहीन."

"जमेल तुम्हाला?"

"नाही."

बाई पहिल्यांदा हसल्या. "मग पाठवा उद्या."

मंगळवारी सकाळी भोंगा पुन्हा दप्तरावर.

"बाईंनी डिंकाबद्दल बोलावलंय," मी म्हणालो.

"चिडल्यात?"

"भयंकर."

ती उठून बूट शोधायला लागली.

संध्याकाळी ती आली ती दार आपटतच. गुडघा खरचटलेला. वही माझ्यापुढे आदळली. लाल शाईत लिहिलं होतं: "खुर्चीला डिंक लावला. माझी साडी गेली. भागाकार बारापैकी दोनच बरोबर. येईपर्यंत रोज मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून सोडवायचे. त्यातली शेवटची दहा मिनिटं खेळायला. आज पकडापकडीत तीनदा बाद."

भोंगा समोर उभी होती. खालची रिकामी जागा ती बघत होती, मी बघत होतो. अर्धा तास गेला. शेवटी लिहिलं: "डिंक हलका होता म्हणून साडीवरच निभावलं. माझ्या कामातला गोंद कपाटात कुलूप लावून ठेवला आहे."

तिने दोनदा वाचलं.

"आईसारखं नाही झालं."

"माहीत आहे."

"चालेल. सही कर." मग आत जाता जाता ओरडली, "आणि उद्या लवकर उठव हं! उशीर झाला तर बाई रागावतात!"

वर्गात पहिला नंबर आल्यासारखं सांगत होती. शेजारच्यांनी भिंत ठोकली.