करंट नव्हता, मॅडम

आमच्या वडगावात खोटं बोलायला फारसं डोकं लागत नाही. साडीसाठी गिऱ्हाइकाचा फोन आला की विणणारा मागवाला आधी 'हॅलो' म्हणतो आणि लगेच 'करंट न्हाय' म्हणतो. वीज असो वा नसो, तेवढ्यावर चार दिवस सहज निघतात. माझ्या अप्पांच्या तोंडात तर हे वाक्य इतकं बसलंय, की लग्नाला का आला नाहीत म्हणून विचारणाऱ्या मेव्हण्यालाही त्यांनी एकदा तेच ऐकवलं होतं.

तर त्या शुक्रवारी सकाळी सुवर्णा मॅडमनी मला वर्गात उभं केलं. "स्वरूपा, प्रकल्प?"

"करंट नव्हता, मॅडम."

वर्ग हसला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रकल्प हाताने लिहायचा होता. टाइप करून आणलेला घेणार नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. विषय 'माझ्या घरचं काम', पानं आठ, मुदत दीड महिना. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या बाराला गुणांची यादी जाते. तुझ्या नावापुढं शून्य गेलं तर परीक्षेला बसता येणार नाही. कळलं?"

कळलं होतं. दीड महिना रोज कळत होतं. पण मी आळशी नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्या दीड महिन्यात मी तीन पेनं आणली, वहीला कव्हर घातलं, आठही पानांना लाल समास आखले. कपाट आवरलं. हिंडलग्याला मावशीकडं जाऊन दोन दिवस शेंगा फोडल्या, तेही न बोलावता. फक्त लिहिलं नाही. पहिलं वाक्य लिहायचं, खोडायचं, पान फाडायचं, नव्या पानाला पुन्हा समास. याला कारण मॅडमच. गेल्या वर्षी त्यांनी माझा निबंध अख्ख्या वर्गाला वाचून दाखवला आणि 'ही पोरगी लिहिते' म्हणाल्या. तेव्हापासून पेन हातात घेतलं की अख्खा वर्ग समोर ऐकायला बसलेला दिसतो. एकदा चांगलं लिहून बसलं की माणसाची वाट लागते.

दुपारी तीनला अप्पा बाहेरून पळतच आत आले. "मॅडम आल्यात गल्लीत!" असं म्हणून त्यांनी मेन स्विच खाली ओढला. आमचे दोन्ही पॉवरलूम गपकन थांबले.

"असं का केलंसा?"

"सकाळी साडीसाठी त्येंचा फोन आलता. करंट न्हाय म्हणून सांगितलंय."

मी कपाळाला हात लावला. मॅडमनी मुलीच्या साखरपुड्यासाठी आमच्याकडं साडी सांगितली होती, आणि मुद्दाम हातमागावरची सांगितली होती. आमच्याकडं हातमाग एकच उरलाय, मागच्या खोलीत. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायानं चालवायचा.

मॅडम येऊन खुर्चीवर बसल्या. आमचं घर चिडीचूप, आणि दोन्ही भिंतींपलीकडं शेजाऱ्यांचे माग खडाखडा वाजत होते.

"शेजारी बरा करंट हाय," मॅडम म्हणाल्या.

"त्येंची लाईन येगळी हाय," अप्पा म्हणाले.

"असंल. पण राजकुमारअण्णा, माझी साडी हातमागावर हाय न्हवं? त्याला करंट कशाला लागतो?"

अप्पा उगाच मेन स्विचकडं बघायला लागले. मी हळूच सटकायला लागले.

"थांब गं. आणि वहीला करंट लागतो काय?" मॅडमनी मला अडवलं.

कोपऱ्यात दोरे निवडत बसलेली आई म्हणाली, "दीड महिना झाला, दोघंबी असंच करायलेत." आणि ती चहा ठेवायला निघून गेली. सख्ख्या आईनं असं करावं!

मागच्या खोलीत मागावर जुनी चादर टाकलेली होती. मॅडमनी ती ओढली. साडी जवळजवळ झाली होती, पदर तेवढा राहिला होता.

"मग अडलंय कुठं?"

अप्पांनी चादर उचलून तिची घडी घातली. मग म्हणाले, "चूक झालीया, मॅडम. हातमागावर बसून सहा वर्षं झाली. काठात दोन दोरे चुकले. आता पदरात आनी काय हुतंय म्हणून बसायचा धीरच हुईना. तुमच्या घरचं शुभकार्य, चार माणसं बघणार." मला फार वाईट वाटलं. अप्पा नुसते चालढकल करतात, असंच मी समजत होते.

मॅडमनी चष्मा लावला, वाकून काठावरून दोनदा बोट फिरवलं. चूक सापडेना. शेवटी अप्पांनी बोट ठेवून दाखवली.

"मला न्हाय दिसत."

"मला तेवढीच दिसतीया," अप्पा म्हणाले.

मग मॅडमनी माझी वही मागितली. पानावर एकच ओळ होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली. "आमच्या घरात ओरडूनच बोलावं लागतं, कारण माग कुणाचं ऐकत नाहीत. पुढं?"

"पुढं न्हाय. हे बरं न्हाय वाटत."

"काय बरं न्हाय? दाखव."

मी ओळीवर बोट ठेवलं, पण दाखवण्यासारखं काही सापडेना. अप्पांची चूक दोन दोऱ्यांची तरी होती.

"करंट न्हाय म्हणालासा न्हवं दोघंबी? मग सहापर्यंत न्हायच," मॅडम म्हणाल्या. "स्विचला हात लावायचा न्हाय. मी बसते." त्यांनी दाराशी खुर्ची ओढली, चहा घेतला आणि दहा मिनिटांत चक्क घोरायला लागल्या.

मी मागच्या खोलीच्या खिडकीत वही घेऊन बसले. अप्पांनी खड्ड्यात पाय सोडले, मागाला हात लावून नमस्कार केला आणि पहिला ठोका पडला. मॅडम झोपल्या होत्या, मी उठून गेले असते तरी कुणी विचारणारं नव्हतं. पण बाप खड्ड्यात बसलेला असताना उठायची लाज वाटत होती. ठोका थांबला की आपणही थांबायचं, असं मी ठरवलं. पहिलं पान भरलं. ठोका थांबला नाही. तिसऱ्या पानाला बोटं दुखायला लागली. ठक, ठक. मला अप्पांचा असा राग आला की त्या रागातच चौथं पान झालं.

सहाला मॅडम जाग्या झाल्या. माझी पाच पानं मोजली, चार बोटं विणलेला पदर बघितला आणि "उद्या बारा" एवढंच म्हणून गेल्या. उरलेली तीन पानं मी शनिवारी सकाळी लिहिली आणि साडेअकराला त्यांच्या टेबलावर ठेवली. शेवटचं पान फार काही बरं नव्हतं. तसंच दिलं.

घरी आले तर अप्पा हातमागावरच होते. मला बघून त्यांनी पाय मोकळे केले.

"काल लई दमवलंस बघ. दोनदा उठणार हुतो. पण तू लिवतच हुतीस. पोरगी बसलीया म्हटल्यावर बापानं कसं उठायचं?"

मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. मी कशासाठी बसले होते ते सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी ते पहिल्या पानालाच उठले असते.