बोटी ठोकून पाहणारा हातोडा

मित्रांनो, मी एक जुना, मूठभर डोक्याचा लाकडी हातोडा आहे. खिळे ठोकणे माझे काम नाही. बोटीच्या अंगावर टकटक करून आवाज ऐकायचा, एवढेच मी जन्मभर केले. भरीव जागी खणखणीत आवाज येतो, पोकळ जागी बद्द. त्यामुळे माझा स्वभावच संशयी झाला.

माझी मालकीण बोटींची तपासनीस. गळाने मोठे मासे पकडणाऱ्या हौशी लोकांसाठी आमच्या बंदरात दोघेच मागणीप्रमाणे बोटी बांधत, तिचे वडील आणि तिचे काका. सख्खे भाऊ, पण एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. वडिलांच्या बोटीचा तळ खोल आणि धारदार. खवळलेले पाणी कापत जाई. काकांचा तळ मागे रुंद, सपाट. गळ टाकून थांबले की बोट कमी डुले.

एकदा एक डॉक्टरीणबाई दोन्हीकडच्या तयार बोटी पाहून आल्या. "तुम्हीच सांगा, भरवशाची कोणती?"

मला तेव्हाच शंका आली. लेक बापाविरुद्ध बोलेल?

आधी आम्ही काकांच्या शेडमध्ये गेलो. काका तर उघडच म्हणाले, "ठोक, ठोक! आमच्यात काहीतरी सापडायलाच हवं ना तुला!" ती नेहमीपेक्षा जोरात ठोकते आहे, असे मलाही वाटले. पण काही सापडले नाही.

वडिलांच्या बोटीला मात्र मागे, पाण्याखाली राहणाऱ्या भागात, मी बद्द वाजलो. तिचा हात थांबला.

"रंधायंत्राचा गोंगाट आहे गं. नीट ऐकू आलं नसेल," वडील म्हणाले.

आता ही मला पिशवीत टाकणार, याची मला खात्रीच होती.

"मग यंत्र बंद करा, बाबा," ती म्हणाली.

शेड चिडीचूप झाली. पुन्हा बद्द! तिने तिथे खडूने गोल काढला. वडिलांचा चेहरा पडला. त्यांनी स्वतःच ती जागा कापून उघडली. लाकडाचे दोन थर एकमेकांना नीट चिकटलेच नव्हते.

"हे भर समुद्रात सुटलं असतं तर..." एवढेच बोलून ते खाली बसले.

डॉक्टरीणबाईंनी काकांची बोट घेतली. आता वडील रंग देण्याआधी लेकीला बोलावतात आणि ती आत येताच स्वतः यंत्र बंद करतात. मी मात्र तिच्यावर उगाच संशय घेतला, याची लाज वाटते.

मित्रांनो, शंका जरूर घ्या, पण मनात दाबून ठेवू नका, ठोकून पाहा. आणि मला ओल्या पिशवीत विसरू नका. माझ्या दांड्याला चीर गेली आहे, ती अजून कुणी पाहिलेली नाही.