खरवडलेला गांधार

तालीम अडली ती गास्तोमुळे.

"क्लोतिल्द, हे फार गोड होतंय गं," व्हायोलिनहून जरा मोठा असलेला आपला व्हायोला मांडीवर आडवा टाकत म्हातारा म्हणाला. "तुझा बाप आणि गोड? चाळीस वर्षं त्याच्याशेजारी वाजवलं, एकदा धड बोलला असेल तर शपथ!"

बाकीचे तिघे वादक हसले. क्लोतिल्द हसली नाही. वडिलांना जाऊन पाच महिने झाले होते. रविवारी बझांसों शहरातल्या या सभागृहात त्यांची शेवटची रचना वाजणार होती आणि सोमवारी छपाईला जाणार होती. मग छापलेलं तेच वडिलांचं ठरणार होतं.

तिने मूळ हस्तलिखित काढलं. सव्वीस वर्षं त्यांच्या रचनांच्या नकला तीच करत आली होती. ते भराभर लिहीत, कोमल-शुद्धची चिन्हं गाळत. "राहिलं असेल ते तू घाल," म्हणत आणि पान पुढे सरकवत. शेवटी शेवटी तर नीट दिसतही नव्हतं. म्हणून या रचनेत चार ठिकाणी व्हायोलिनला कोमल गांधार आणि त्याच क्षणी व्हायोलाला शुद्ध दिसला, तेव्हा तिने व्हायोलाचाही सरळ कोमल करून टाकला. चारही ठिकाणी. विचारता आलं असतं. ते शेजारच्या खोलीत खोकत पडले होते. पण ती दमली होती, उठली नाही.

आता तिला दिसलं, शुद्धचं चिन्ह त्यांनी मुद्दाम घातलं होतं. ते चिन्हं विसरत. जास्तीचं कधी घालत नसत. इथे तर चारही वेळा दाबून काढलं होतं.

"काका, तो कोमल माझा आहे," ती म्हणाली. "त्यांचा नव्हे."

"मग काढ की."

"कानाला टोचेल."

"टोचू दे. मला तुझा बाप चाळीस वर्षं टोचत होता."

तिने शाई खरवडायचं पातं काढलं. गास्तोच्या पानावरच्या चारही कोमलांची शाई हलक्या हाताने खरवडली, कागद नखाने घासून सपाट केला आणि शुद्धचं चिन्ह लिहिलं. चौघांनी पुन्हा वाजवलं. दोन सूर एकमेकांवर घासले. पहिला व्हायोलिनवाला थबकला.

"बाई, नक्की असंच?"

"असंच लिहिलंय."

"तुम्हाला आवडलं?"

"नाही," ती म्हणाली. "पुन्हा घ्या."

ते वाजवू लागले. क्लोतिल्दने छपाईची प्रत समोर ओढली. तिच्यातली चारही ठिकाणं अजून खरवडायची होती.