रखमीच्या घरात आलेली बाई

रखमीला वाचता येत नव्हतं, सोबतीण कमूने वाचून दाखवलं त्यावरच तिला विसंबावं लागलं. नाहीतर कमूच्या हातातला फोन ओढून घेऊन तिने आपल्या डोळ्यांनी खातरजमा केली असती.

दोघी खोडाळ्याकडच्या एकाच पाड्यावरच्या. दिवाळी सरली की ठाण्याला बिल्डिंगच्या कामावर यायच्या, विटा-रेती वाहायच्या. पाड्यावरच्या शाळेत शीलाबाईंनी यंदा मुलांचा ब्लॉग काढला होता. मुलांनी मनातलं लिहायचं, ते इंटरनेटवर टाकायचं, मग जगात कुणीही ते वाचावं. कमूचा मुलगा त्याच शाळेत होता, म्हणून ते तिच्या फोनवर यायचं. दुपारी भाकरी खाताना तिने रखमीच्या लेकीचं, योगिताचं लिखाण मोठ्याने वाचलं.

‘माझी आई घरी आली. आता ती कुठेच जाणार नाही. रोज सकाळी ती माझी वेणी घालते. ती कधीच ओरडत नाही. बाबा तिच्याशी हसून बोलतात.’

“रखमे, तू तर हितं हायेस,” कमू म्हणाली. “मंग ही कोन?”

रखमीचा घास हातातच राहिला. गोरख हसून बोलतो? तिचा नवरा तिच्याशी बोलायचा तो बैल आणि मीठ-मिरचीपुरता. आणि योगिता तिला आई म्हणते! घरात दुसरी आणून बसवलेले दोन-तीन बहाद्दर तिला ठाऊक होते. पण गोरखसारख्या मुखदुर्बळाला कोणती बाई भुलली असेल, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना.

“फोन करून विचार की,” कमू म्हणाली.

“म्हंजे सावध होईल! नाय. जाऊनच धरते.”

मुकादमाच्या शिव्या खाऊन तिने रजा घेतली आणि सकाळची जव्हारची एसटी पकडली. तिथून मोखाडा, मोखाड्याहून खच्चून भरलेली जीप. वाटभर ती त्या बाईला तोंडावर काय काय ऐकवायचं ते घोकत होती. जीपमधल्या एका म्हातारीने “खुशाल हायेस ना, बाय?” म्हणून विचारलं, तर तिच्यावरच खेकसली.

घरी पोचली ती थेट चुलीपाशी. मग दोरीवरचे कपडे पाहिले, दाराशी चपला पाहिल्या, मागच्या पडवीत डोकावून आली. बाईचा माग कुठेच नव्हता. तव्यावर एक भाकर मात्र करपून कोळसा झाली होती. ज्या घरात बाई आहे त्या घरात अशी भाकर? रखमी अजूनच गोंधळली.

गोरख पाण्याची कळशी घेऊन आला आणि तिला पाहून दारातच थबकला.

“तू? कशी काय आलीस?”

“कुठं हाय ती?”

“कोन?”

“जिच्यासंगं हसतोस ती!”

गोरखने मागे वळून पाहिलं. मागे शेळी होती. तो शेळीकडे बघतच राहिला, मग रखमीकडे. त्याचा चेहरा इतका कोरा होता की तिला रागही धड येईना. ती तरातरा शाळेकडे निघाली.

शाळा सुटायला आली होती. आईला दारात पाहून योगिता धावली आणि तिचा अवतार बघून मध्येच थांबली. रखमीने शीलाबाईंपुढे सगळं एका दमात ओकून टाकलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“अहो रखमीताई, मीच त्यांना विषय दिला होता. कल्पना करून लिहा, म्हणून. तशी बाई कुणी नाहीच.”

“म्हंजे पोर खोटं लिवली?”

“खोटं नाही हो. मनातलं.”

“झालंच नाय ते लिवलं, तर खोटंच ना?”

“हे कल्पनेतलं आहे, असं वर लिहायला हवं होतं,” शीलाबाई म्हणाल्या. “ती चूक माझी.”

“ती बाई तूच हायेस, आय,” योगिता हळूच म्हणाली.

रखमी बाकावर बसली. सवत नव्हती, संसार शाबूत होता. खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तसं काही होईना. ती पोरीवर ओरडायची, अगदी निघायच्या दिवशीसुद्धा ओरडली होती. वेणी घालायला तिला कधी सवड झाली नव्हती. मग पोरीने लिहिली ती बाई तिच्यासारखी कुठून? रखमीला त्या नसलेल्या बाईचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून लाजही वाटली.

बाईंनी शाळेच्या लॅपटॉपवर ते पान उघडलं. “कुणाकुणाला फार आवडलंय. ‘नशीबवान मुलगी’ असं लिहिलंय एकीनं.”

“काढून टाका ते,” रखमी तुटक आवाजात म्हणाली.

“काढते. एका बोटाचं काम आहे.”

योगिताने हट्ट केला नाही. नुसती पडद्याकडे बघत उभी राहिली, सुटणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसाकडे बघावं तशी. हे बघणं रखमीच्या ओळखीचं होतं. दर साली एसटीच्या खिडकीतून तिने ते पाहिलं होतं आणि मान फिरवली होती.

बाईंचं बोट बटणावर गेलं. रखमीने त्यांचा हात धरला.

“नको, बाई,” ती म्हणाली. “र्‍हाऊ द्या तिला घरात. मला परवा कामावर जायचंय.”