बाजूची सीट

सिस्टरने गाडीचं दार दोन्ही हातांनी ओढून अलगद लावलं. तरी मामांनी मान वळवून पाहिलंच.

"लागलं ना नीट?"

"लागलं."

मामा म्हणजे वसाहतीतल्या सगळ्यांचेच मामा. वरच्या मजल्यावर राहायचे. विमा कंपनीत हेडक्लार्क होते आणि त्यांची कचेरी सिस्टरच्या दवाखान्यासमोरच होती. टेकडी ओलांडून वसाहतीत येणारी बस तोट्यात चालते म्हणून बंद झाली, त्याच आठवड्यात ते खाली येऊन म्हणाले होते, "माझी बाजूची सीट रिकामीच जाते. पेट्रोलबिट्रोलचं नाव काढायचं नाही, सांगून ठेवतो." त्या दिवशी तिला अगदी देव पावल्यासारखं झालं होतं.

तेव्हापासून ती मामांच्या घड्याळावर जगत होती. ड्युटी सुरू व्हायच्या कितीतरी आधी ती दवाखान्यात पोचायची आणि केसपेपरच्या बंद खिडकीसमोर बसून राहायची. संध्याकाळी मामांचं काम आटपेपर्यंत पुन्हा तेच. मामा रजेवर, की तिचीही रजा. गाडीच्या काचा वर, कारण वाऱ्याने मामांना सर्दी व्हायची. रेडिओ बंद, कारण मामांना बोलायचं असायचं. कचेरीतल्या साहेबाच्या खोडी, जावयाचा हट्ट, गुडघ्याला कुठलं तेल चोळावं. दिवसभर पेशंटचं ऐकून आलेली सिस्टर "हो का?" आणि "अरे बापरे" आलटूनपालटून म्हणायची. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपून जायची. ती झोप तिला अजून आठवायची. मामांच्या शेजारी बसून डोळे मिटायचे कसे?

मध्यंतरी तिने आडून सुचवून पाहिलं होतं, की कधीमधी मैत्रिणीच्या स्कूटरवर जाईन म्हणून.

"आमचं काही चुकलं का, सिस्टर?" मामांनी विचारलं होतं, आणि चेहरा इतका लहान केला होता की तिने तो विषय तिथेच गिळला.

घरी सासूने समजावलं, "धर्माची गाय, तिचे दात कशाला मोजतेस?"

पण आज सासूच तिच्या मागे लागली होती. नगरपालिकेत सुनावणी होती. पैसे एकाच कामापुरते होते. एक तर बस पुन्हा सुरू होणार, नाही तर टेकडीचा रस्ता रुंद होणार. बस होती तोवर सासू मनात येईल तेव्हा बहिणीकडे जायची, भांडायची आणि संध्याकाळी खुशीत परत यायची. आता गॅलरीतली खुर्ची हेच तिचं गाव. मामांच्या छोट्या गाडीत मागे बसायला तिचे गुडघे दुमडत नव्हते.

"तूच बोल सगळ्यांच्या वतीनं," ती म्हणाली होती. "मी आले असते गं, पण यायचं कशानं?"

वाटेत मामांनी स्वतःहूनच विषय काढला.

"बोला तुम्ही बिनधास्त. मी मात्र रस्ता म्हणणार हं. ज्याचं त्याचं मत. रोज टेकडीवर किती वेळ अडकतो आपण, बघताच की तुम्ही."

"बघते ना," सिस्टर म्हणाली.

सभागृह अर्धंअधिक रिकामं होतं. धुणीभांडी करणाऱ्या बायका, रखवालदार, कॉलेजच्या मुली, सगळ्यांनी येतो म्हणून सांगितलं होतं. कुणीच आलं नव्हतं. जे आले होते, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या बोटांत गाडीची किल्ली फिरत होती. बाहेर गाडी लावायला जागा मिळेना म्हणून काही जण उशिरा, कुरकुरत आत शिरले.

अधिकारी बाई सिस्टरच्याच वयाची होती. सकाळपासून बोलून तिचा घसा बसला होता.

"बस कुणाकुणाला हवी?"

सिस्टरने हात वर केला. मागच्या रांगेत मुलाबरोबर आलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी केला. एवढे दोनच हात.

"तुम्ही रोज कामाला जाता, ताई? कशाने जाता?"

सिस्टर उभी राहिली. "गाडीने."

कुणीतरी हसलं. बाईने लिहिता लिहिता म्हटलं, "म्हणजे सोय आहे तुमची."

सिस्टर खाली बसली नाही.

"गाडी माझी नाही," ती म्हणाली. मामा शेजारीच होते. तिने तिकडे पाहिलं नाही. "शेजाऱ्यांची आहे. देवमाणूस आहेत ते. पण त्यांना उशीर, की मला उशीर. घरून फोन आला, सासू पडल्या, तरी मला मधेच निघता येत नाही. रोज उठून कुणाच्या तरी उपकारावर कामाला जायचं, याला सोय कसं म्हणू, मॅडम? आणि ज्यांना असा शेजारी नाही, ते आज इथे आलेलेच नाहीत. येणार कशानं?"

आता कुणी हसलं नाही. बाईचं पेन थांबलं होतं.

"मला पटतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मोजायचे म्हटले, तर आलेलेच हात मोजावे लागतात."

मग तिने रस्त्यासाठी हात मोजले. मामांचा हात अर्ध्यावरच राहिला होता. तोही मोजला गेला.

बाहेर आल्यावर टेकडी चालत चढावी, असं सिस्टरच्या मनात येऊन गेलं. पण मामांनी आतूनच दार उघडून धरलं होतं.

टेकडीच्या पहिल्याच वळणावर गाड्या खोळंबल्या. मामांनी इंजिन बंद केलं.

"सगळ्यांपुढे देवमाणूस कशाला म्हणालात?"

"आहातच तुम्ही."

"उपकार म्हणून नाही हो नेत मी." फडकं घेऊन ते स्वच्छच असलेली काच पुसत राहिले. "घरी आम्ही दोघंच. तिची मालिका, माझा पेपर. जेवायला वाढलंय, एवढंच काय ते बोलणं. बाकी चार शब्द होतात ते या गाडीत."

सिस्टरने पदर सारखा केला.

"उद्यापासून तुमच्या वेळेला निघू या. तुम्ही म्हणाल तेव्हा. मी थांबेन कचेरीबाहेर, मला काय?"

"नको मामा, तुमची उगाच ओढाताण."

"ओढाताण कसली!" ते म्हणाले. मग समोर बघतच, "एक खरं सांगा. आज बस मंजूर झाली असती, तर तुम्ही बसनेच गेला असतात ना?"

पुढे वळणापर्यंत लाल दिव्यांची रांग लागली होती. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला तासलेला डोंगर. उतरायचं म्हटलं तरी पाय टाकायला जागा नव्हती. खरं बोलायचं ते सिस्टरचं आज एकदा बोलून झालं होतं.

"नाही हो," ती म्हणाली. "तुमच्यासोबतच आले असते."

पुढची गाडी जागची हलली नव्हती, तरी मामांनी इंजिन सुरू केलं.