मधली जागा माझी होती

मी अनुबियास बोलतेय. नावाला घाबरू नका. माशांच्या टाकीतली, जाड हिरव्या पानांची एक पाणवनस्पती, एवढंच समजा. स्वभावाने हेवेखोर आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नकोत.

माझा जन्म एका रोपवाल्याच्या हौदात झाला. तिथून एका घड्याळजींनी मला घरी आणलं. काळ्या दोऱ्याने दगडावर बांधलं आणि टाकीच्या बरोब्बर मध्ये बसवलं. नऊ वर्षं ती जागा माझी होती. महिन्याला जेमतेम एक पान काढायचे मी, पण त्याचं केवढं कौतुक! माझ्या मागचं गवत आठवड्यात वीतभर वाढायचं आणि दर रविवारी त्याची मुंडी छाटली जायची. मला फार बरं वाटायचं.

मग घड्याळजींचे हात थरथरायला लागले. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झालं. एका रविवारी टाकीचं पाणी बदलताना चिमटा हातातून सुटला, मासे सैरावैरा पळाले, फरशीवर पाणीच पाणी झालं. सून धावत आली. "राहू द्या बाबा, मी करते," म्हणाली. चांगल्या मनानेच म्हणाली. पण त्या दिवसापासून घड्याळजी खुर्चीत बसून नुसते बघायला लागले, हात मांडीखाली दाबून.

सून हौशी. आठ दिवसांत तिने नवा प्रखर दिवा आणला, आणि एक झाड. लालचुटुक, नाजूक, जरा पाणी हललं की लाडिक मुरकणारं.

"बाबा, ही मध्ये लावते हं. हिरवी मागे कोपऱ्यात चालेल ना?"

"लाव की."

लाव की! नऊ वर्षं दोन शब्दांत आटोपली.

सुनेने माझा दोरा कापला, कोपऱ्यातल्या वाळूत खोल खड्डा केला आणि कुंडीत झाड लावतात तसं मला छान दाबून पुरलं. इथेच घोळ झाला. माझी पानं ज्या आडव्या खोडातून फुटतात, ते उघड्या पाण्यात राहायला हवं. पुरलं की कुजतं. घड्याळजींना हे पाठ होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, सुनेकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं.

मी मात्र त्या लाल बयेला, लालीला, पाण्यात बघत बसले. पाहुणे यायचे, "काय रंग आहे!" म्हणायचे. रंगाचं कसलं कौतुक? नऊ वर्षं एका जागी टिकून दाखव म्हणावं!

तीन आठवड्यांत माझी दोन पानं पिवळी पडली.

"बाबा, हिला काय होतंय? पाणी तर मी वेळेवर बदलते."

"वय झालं असेल तिचं."

असं म्हणाले ते! मी मरतेय हे दिसत असून, उपाय ठाऊक असून. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. या माणसाला माझ्या जिवापेक्षा सुनेचं मन जपायचं होतं. लालीला मी उगाच शिव्याशाप देत होते, माझी खरी जागा, त्यांच्या मनातली, सुनेने घेतली होती. आता मी तिच्यावर जळायला लागले.

पुढच्या रविवारी माझं एक पान देठासकट सुटून वर तरंगलं. सुनेला राहवलं नाही. तिने मला उपटलं, नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं.

"खोड कुजलंय हो! पुरायचं नव्हतं का हे?"

घड्याळजींनी नजर टाकीकडे वळवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, मग तुम्हीच करा." त्यांनी मांडीखालचे हात बाहेर काढून तिच्यासमोर धरले. "या हातांनी काय करू?"

 सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने मला त्यांच्या पुढ्यात ताटलीत ठेवलं आणि ब्लेड घेतलं.

"हात माझे वापरा. तोंड तर धडधाकट आहे ना? सांगा, कुठे कापू?"

"तिथे नको! वर. अजून वर. अगं, गाजर चिरतेयस का?"

"ओरडा, ओरडा. महिन्याभराचं साठलंय."

घड्याळजी हसले. किती दिवसांनी! मला कापलं जात होतं आणि हे दोघं खिदळत होते.

कुजका भाग गेला. उरलेल्या खोडाचे दोन तुकडे निघाले. शेंड्याकडचा तुकडा दगडावर बांधून मध्ये बसला, लाली बाजूला सरकली. बुडखा, म्हणजे मी, दुसऱ्या दगडावर, कोपऱ्यात. तीन पानं आहेत, जगेन.

सगळं गोड झालं म्हणायचं. दर रविवारी आता दोघं टाकीपुढे बसून भांडतात, आणि मधलीला नवं पान फुटलंय. ती माझ्याच अंगाची आहे, कबूल. किंबहुना ती मीच आहे. पण मधोमध बसून कौतुक करून घेणारी मी मला बघवत नाही.

तुम्ही कधी त्या घरी गेलात तर सुनेला माझा निरोप द्या. म्हणावं, कात्री हातात आहेच, तर मधलीचं ते नवं पान जरा छाटता आलं तर बघ.