पुलावरून हात करू नका

मी एक वल्हं बोलतोय. वल्ह्याला कुणी 'तो' म्हणत नाही, 'ते' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण उभा जन्म एका पुरुषमाणसाच्या डाव्या मुठीत गेला, त्यामुळे मला असंच बोलता येतं. चालवून घ्या.

कुचिंगच्या नदीवर माणसांना पलीकडे नेणाऱ्या छपराच्या नावा असतात. नावाडी पुढच्या टोकाशी उभा राहतो आणि दोन वल्ही छातीसमोर कैचीसारखी धरून मारतो. त्यातला डावा मी. उजवा माझा भाऊ. बुजांग नावाड्यानं लग्न ठरल्यावर एकाच खोडातून आम्हा दोघांना तासलं. भावाच्या मुठीशी सुरी घसरली आणि एक खाच पडली, ती कायमची राहिली. बुजांगची होणारी बायको ती बघून म्हणाली होती, "आत्ताच सुरी घसरतेय, पुढे माझं काय होणार!" तिचं काही वाईट झालं नाही. सुखानं नांदली, एक मुलगी दिली आणि फार लवकर गेली.

आमच्या नदीवर हाका मारायची पद्धत नाही. धक्क्यावर येऊन हात वर करायचा, की नावाड्यानं निघायचं. मग तो जेवत असो, डुलक्या काढत असो. बुजांगनं किती तरी वेळा भाताचा घास तसाच ठेवून आम्हाला उचललंय. "हात केला म्हणजे बोलावलं," तो म्हणायचा, "बोलावल्यावर जायचं नाही तर नदीकाठी राहायचं कशाला?"

मग पूल झाला. नुसता पायी चालायचा, नागमोडी, संध्याकाळी रंगीत दिवे लागणारा. लोकांना आवडला, यात लोकांची काही चूक नाही. पण मी वल्हं आहे, माझ्यासमोर त्याचं कौतुक सांगू नका. हात वर करणारी माणसं कमी होत गेली. बुजांग धक्क्यावर बसून राही आणि आम्ही त्याच्या पायाशी आडवे पडून असू.

त्याच्या हाताला कंप सुटला, तो घरात कळायच्या आधी मला कळला. मूठ घट्ट असायची, पण आत काहीतरी थरथरायचं. पुढे चहा बशीत सांडायला लागला तेव्हा जुराइदाच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या लक्षात आलं.

"बापा, आता पुरे झालं. नाव बांधून ठेवा."

"बांधतो की. पण रिकामी नाव बांधायची? अपशकुनासारखं वाटतं गं. एकदा भरली नाव पलीकडे नेतो, मग तू सांगशील तिथे बसतो."

"भरायला माणसं कुठनं आणू?"

"ते तू बघ. शिकलीस ना एवढी?"

जुराइदा पलीकडच्या काठावर एका विमा कंपनीच्या ऑफिसात होती. रोज बापाच्याच नावेतून कामाला जायची. आणि नेमकं त्याच महिन्यात तिच्या मोठ्या बाई, मॅडम लाऊ, तिला म्हणाल्या की यंदा टीम बिल्डिंगसाठी नदीकाठी खजिन्याचा शोध ठेवू. "एका खोलीत बसून एकमेकांना ईमेल पाठवतात ही माणसं. जरा एकत्र धावू देत. तू काठावरचीच आहेस, तूच आख."

त्या संध्याकाळी ती नावेत अशी उडी मारून चढली की आम्ही दोघे भाऊ खडखडलो.

"बापा, माणसं मिळाली! सगळं ऑफिस. शेवटचा खजिना तुमच्या नावेत ठेवायचा. तीन खेपा तरी होतील."

बुजांगनं मला हातात घेतलं आणि माझ्या पात्यावरचं शेवाळ नखानं खरवडत बसला. तो फार खूश झाला की असंच करतो.

मग पुढचे दिवस त्या दोघांना दुसरा उद्योग नव्हता. पहिली खूण मसाल्याच्या गल्लीत, दुसरी मांजरांच्या पुतळ्यांपाशी, तिसरी जुन्या पांढऱ्या बुरुजाशी. ती कोडी करायची, तो दुरुस्त करायचा. आमच्या गावची जुनी माणसं कोडं घालतात ते यमक जुळवूनच, त्याशिवाय त्यांना कोडं घातल्यासारखं वाटत नाही.

"बुरुजाच्या डाव्या हाताला," तिनं वाचलं.

"डावा कुणाचा? तुझा का बुरुजाचा? वरच्या अंगाला म्हण, पाणी येतं तिकडे. नदीला डावं-उजवं नसतं."

"बापा, ऑफिसातल्या पोरांना वरचं अंग कळत नाही."

"मग त्यांना नोकरीवर घेतलं कुणी?"

शेवटचं कोडं मात्र त्यानं एकट्यानं केलं. भर नदीत, आम्हाला मारत मारत:

*ना या काठी, ना त्या काठी, मधोमध घर;*
*पलीकडे जाताना पायाखाली नजर कर.*

जुराइदानं टाळी वाजवली. बुजांगला मात्र शंका. "फार सोपं झालं का गं? पहिल्या फटक्यात ओळखतील."

"सोपंच हवं. सगळे यायला हवेत ना."

पूल तिथेच होता, आमच्या डोक्यावर. दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही. आमच्याकडे 'पलीकडे जातो' म्हटलं की 'नावेतून' हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या बापलेकींना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं, आणि मला तरी कुठे सुचलं?

शनिवारी सकाळी बुजांगनं आम्हाला खोबरेल चोळलं. बाकांवर नवी चटई घातली. ईदला घालायचा निळा सदरा घातला, काळी टोपी घातली. पायाखालच्या फळीखाली डबा ठेवला. त्यात जुराइदानं एकेक थर वेगळा भाजून केलेला केक होता, हिरवा, पिवळा, तांबडा.

ऊन चढायच्या आधीच भाजीवाली कामारिया टोपली घेऊन आली आणि तिनं हात वर केला.

"आज नाव ठरलीय, कामारिया."

"अहो, मोकळीच तर आहे!"

"मोकळी दिसते. भरलेली आहे ती."

"तुमचं आपलं काहीतरीच," असं पुटपुटत ती पुलाकडे गेली. हात वर केलेल्या माणसाला बुजांगनं जन्मात पहिल्यांदा परत पाठवलं होतं.

मग पिवळे सदरे दिसले. घोळक्याघोळक्यानं, हसत, धापा टाकत. "आले बघा रे," तो आम्हाला म्हणाला आणि आम्हाला घट्ट धरून उभा राहिला. पण ते धक्क्याकडे वळलेच नाहीत. थेट पुलावर चढले आणि मधोमध जाऊन थांबले. कुणी वाकलं, कुणी कठड्याखाली हात घातला, कुणी चक्क पालथं पडून फटीतून बघू लागलं.

"पायाखाली नजर कर म्हणे! पायाखाली नुसती नदी आहे," एक पोरगी वरून ओरडली.

"ती बघ खाली नाव. तो म्हातारा कसला गोड दिसतोय, नवरदेवासारखा! हात करा रे, हात करा!"

आणि त्या सगळ्यांनी हात वर केले.

बुजांगचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. इतके हात त्याला एकदम कुणी केले नव्हते, पूल नव्हता तेव्हासुद्धा. त्यानंही हात वर केला, दोर सोडला आणि आम्हाला पाण्यात घातलं. पुलाच्या सावलीत नेऊन त्यानं नाव थोपवून धरली आणि मान वर करून वाट बघत राहिला. ते कुठल्या काठाला उतरतील, तिकडे जायचं होतं त्याला. वरून फोटो निघत होते. मग कुणीतरी शिट्टी वाजवली आणि पूल रिकामा झाला.

तो धक्क्यावर परत आला. "येतील," म्हणाला. "हात केलाय त्यांनी."

पलीकडे, जेवण ठरलेल्या हॉटेलात, काय झालं, ते जुराइदानं मागाहून ओसरीत बसून सांगितलं. सगळे रिकाम्या हातांनी परतले. "पुलावर काहीच नाही, ताई."

"पुलावर? पूल कोण म्हणालं?"

"मधोमध, पलीकडे जाताना, पायाखाली. मग पूलच ना?"

ती तशीच दाराकडे वळली. "चला ना, आत्ता चला. माझे वडील थांबलेत नाव घेऊन."

मॅडम लाऊ वाईट बाई नव्हत्या. "अगं, पण जेवण मांडलंय. पुढच्या वर्षी नक्की नावेतून." आणि कुणीतरी म्हणालं, "बुडालो तर? विमा आपल्याच कंपनीचा, मिळतोय थोडाच!" सगळे खोखो हसले. चारचौघांत हसावं लागतं तशी जुराइदाही हसली. ते हसू तिला अजून छळतं.

ती धक्क्यावर एकटी आली. बुजांगनं तिच्या मागे पाहिलं.

"लोक?"

"बापा, ते..."

"पुलावरून हात केला त्यांनी. सगळ्यांनी. मी गेलो होतो बघ न्यायला, पण त्यांना उतरायला वाट सापडली नसेल."

जुराइदा चटईवर मटकन बसली आणि लहान मुलीसारखी रडली. मग कोड्यातली गफलत बुजांगच्या ध्यानात आली असावी, कारण त्यानं मान वर करून पुलाकडे पाहिलं.

"बस नीट," तो म्हणाला. "तुला नेतो."

आम्ही निघालो. मूठ थरथरत होती, आता दोन्ही. भर नदीत माझा भाऊ त्याच्या उजव्या हातातून सुटला. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. जुराइदा वाकली, तिची बोटं त्या खाचेला लागली आणि निसटली. तो खालच्या अंगाला वाहत गेला. मी हाक मारली असती, पण आमच्या नदीवर हाका मारत नाहीत.

एकट्या माझ्यावर बुजांगनं नाव कशीबशी काठाला लावली. मग फळी उचलून डबा काढला. उन्हानं केकला तेल सुटलं होतं. त्यानं एक तुकडा लेकीला दिला, एक स्वतः खाल्ला. "चांगला झालाय," म्हणाला. त्यानंतर तो नावेत चढला नाही.

नाव विकली. मी आता नदीकडच्या ओसरीत दोन खिळ्यांवर आहे. जुराइदा पुलावरून कामाला जाते, खाली न बघता. बुजांगला हल्ली फारसं काही आठवत नाही. बायको कधी गेली ते नाही, नाव कुठे गेली तेही नाही. पण जे हाडात मुरलंय ते राहिलंय.

म्हणून एवढंच मागणं आहे. खालच्या अंगाला, चिखलात कुठे मुठीशी खाच असलेलं वल्हं दिसलं, तर कुणाजवळ तरी इकडे पाठवा. आणि कुचिंगला आलात तर पुलावर खुशाल या, दिवे बघा. पण मधोमध उभं राहून खालच्या घरांकडे हात करू नका. तो लगेच उठतो. टोपी घालतो, मला खिळ्यावरून उतरवतो आणि मग माझ्या भावाला घरभर शोधत फिरतो.

"बापा, बसा हो," जुराइदा म्हणते. "ते लोक नुसता हात करतायत."

"नुसता हात कोण करतं, पोरी?"